तीन कोसांची वाट

नाताळच्या आठवड्यात वसईच्या बाजूला, वांद्र्याला किंवा गोव्यातल्या एखाद्या गावी गेलात, तर घरोघरी आणि चर्चच्या आवारांत ख्रिस्तजन्माचा देखावा मांडलेला दिसतो. पेंढ्याचे छप्पर, गव्हाणीत निजलेले बाळ, दोन्ही बाजूंना मरिया आणि योसेफ, मागे बैल आणि गाढव, पुढे मेंढपाळ; आणि एका कडेने उंटांवरून येणारे तीन राजे. वर चांदीच्या कागदाचा तारा. मुले चार-चार दिवस खपून हे सारे उभे करतात, आणि ते पाहून कोणाही माणसाला बरे वाटते.

पण वाचकहो, हा देखावा डोळ्यांसमोर ठेवून नव्या कराराचे पुस्तक उघडा, आणि यांतले कोण कोठून आले ते शोधू लागा. थोड्याच वेळात तुमच्या ध्यानात येईल की, ही एक कथा नाही. दोन कथा येथे शेजारी शेजारी आणून बसविल्या आहेत. गव्हाण आणि मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानातले. तारा आणि पूर्वेकडचे पाहुणे मत्तयाचे. लूकला तारा माहीत नाही, मत्तयाला गव्हाण माहीत नाही. मत्तयाचे पाहुणे गोठ्यात येतच नाहीत. ते ‘घरात’ येतात, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. बैल आणि गाढव तर दोघांपैकी कोणाच्याच पानावर नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखते, माझ्या लोकांना मात्र ओळख नाही, अशा अर्थाची एक तक्रार तेथे देवाच्या तोंडी आहे. भाविकांनी ती वाचली आणि त्या दोन मुक्या प्राण्यांना गव्हाणीपाशी आणून उभे केले.

हे मी सांगतो ते मुलांचा देखावा मोडण्यासाठी नव्हे. दोन लेखकांची माणसे एका छपराखाली आणली, यात काही पाप नाही. मात्र या गर्दीत मत्तयाच्या कथेतला एक प्रसंग पार झाकला जातो. तो बेथलेहेमात घडत नाही. तो यरुशलेमेत, राजाच्या दरबारात घडतो, आणि त्याचा देखावा कोणी मांडत नाही. आज त्याच प्रसंगाविषयी बोलावयाचे आहे.

आधी सणांच्या क्रमाविषयी थोडेसे. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. पश्चिमेकडील परंपरेत ते नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. गंमत अशी की, या काळाच्या पहिल्या रविवारी बाळाची गोष्ट नसतेच. त्या दिवशीच्या वाचनाचा रोख असतो जगाच्या शेवटाकडे, आणि त्यातला आदेश एकच : जागे राहा. मग यशयाची वचने येतात, बाप्तिस्मा देणारा योहान येतो, आणि २५ डिसेंबरला लूकची कथा. तिच्यानंतर ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण. हल्ली पुष्कळ ठिकाणी तो जवळच्या रविवारी धरतात. हा सण पूर्वेकडील मंडळ्यांत फार जुना. २५ डिसेंबरचा नाताळ रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जात होता, असा दाखला ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात मिळतो. आर्मेनियन मंडळी तर आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा करते. आपल्या तोंडी असलेला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

प्रकटीकरणाच्या दिवशी मत्तयाचा दुसरा अध्याय वाचतात, पहिल्या ओवळीपासून बाराव्यापर्यंत. पूर्वेकडून काही लोक यरुशलेमेत आले. मराठी बायबलात त्यांना ‘मागी’ म्हटले आहे. हा शब्द मूळ ग्रीकात आहे, आणि ग्रीकांनी तो इराणकडून घेतला. प्राचीन इराणात मागी हा पुरोहितांचा वर्ग होता. पुढे ग्रीक भाषेत स्वप्नांचा अर्थ सांगणारे, ग्रहतारे पाहणारे, क्वचित जादूटोणा करणारे अशा सर्वांनाच तो शब्द लागू झाला. आपल्याला हा शब्द अगदीच परका नाही बरे का. पारशी समाजातील धर्मगुरूंना ‘मोबेद’ म्हणतात. ते नाव याच जुन्या इराणी शब्दापासून, ‘मागींचा प्रमुख’ या अर्थाने आले आहे. तेव्हा आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते राजे नव्हते, जोशी होते. परदेशी, परधर्मी जोशी.

मग मुकुट कोठून आले? तेही संदेष्ट्यांच्याच ग्रंथातून. यशयाच्या साठाव्या अध्यायात राजे प्रकाशाकडे चालत येतात, उंटांचे तांडे येतात, शबा देशाहून सोने आणि ऊद येतो. बहात्तराव्या स्तोत्रात दूरदेशीचे राजे भेटी घेऊन वाकतात. हे उतारे प्रकटीकरणाच्या उपासनेत मत्तयाच्या शेजारी ठेवून वाचले जाऊ लागले, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात जोश्यांच्या डोक्यावर मुकुट आणि बुडाखाली उंट आले. तीन भेटी म्हणून माणसेही तीन. सिरियाकडील जुन्या परंपरेत ती बारा आहेत! पोर्तुगीज भाषेने तर दोन्ही शब्द जोडूनच टाकले : ‘रेइस मागोस’, म्हणजे मागी राजे. गोव्यात मांडवीच्या उत्तर तीरावर, पणजीच्या समोर, याच नावाचे चर्च १५५५ साली उभे राहिले, आणि गावालाही तेच नाव पडले. तेथे आणि कासावलीच्या बाजूला या सणाला लहान मुले राजांचा वेष करून घोड्यांवर बसून निघतात. कासावलीकडे तर तीन गावांची तीन मुले तीन वेगळ्या वाटांनी टेकडी चढून चॅपेलपाशी येतात.

जुन्या चित्रकारांना मात्र हे पाहुणे कोण होते याचे भान होते. इटलीतल्या राव्हेना शहरात सहाव्या शतकातले रंगीत खड्यांचे भित्तिचित्र आहे. त्यात या तिघांच्या अंगावर इराणी तऱ्हेच्या विजारी आणि डोक्यावर पुढे झुकलेल्या टोप्या आहेत. बेथलेहेमच्या चर्चवरही असेच चित्र होते, आणि ६१४ साली इराणी फौजेने त्या मुलखातली चर्चे उद्ध्वस्त केली तेव्हा या एका चर्चला हात लावला नाही. कारण भिंतीवर आपल्याच वेषातली माणसे शिपायांनी पाहिली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण चर्च वाचले हे खरे. ते आजही उभे आहे.

ताऱ्याविषयी लोकांना फार कुतूहल असते, म्हणून दोन शब्द. केप्लरसारख्या ज्योतिर्विदाने १६०३ साली गुरू आणि शनी यांची युती पाहिली, आणि मागे गणित करून इसवी सनापूर्वी ७ या वर्षी अशीच युती झाली होती असे दाखविले. त्या वर्षी ती तीनदा झाली. २०२० च्या २१ डिसेंबरला हेच दोन ग्रह आकाशात इतके जवळ आले होते की नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ एकच दिसावेत. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. पण माझ्या मते मत्तयाला आकाशापेक्षा एका जुन्या पुस्तकाची आठवण करून द्यावयाची आहे. गणना या पुस्तकात बलाम नावाचा एक परका द्रष्टा आहे. मवाबाचा राजा बालाक त्याला बोलावून घेतो आणि इस्राएलाला शाप दे म्हणतो. तो पूर्वेकडच्या डोंगरांतून येतो, आणि शापाऐवजी याकोबातून एक तारा उदय पावेल असे भविष्य करतो. त्याच भविष्यात पुढे म्हटले आहे की, अदोम त्याच्या ताब्यात जाईल. हे नाव लक्षात ठेवा. कारण यरुशलेमेत त्या वेळी गादीवर बसलेला हेरोद हा अदोमी घराण्याचा होता.

आता दरबारात शिरू. मागी लोक यरुशलेमेत येऊन विचारतात की, यहूद्यांचा राजा जन्मला आहे तो कोठे आहे. प्रश्न किती भोळा! आणि तो विचारला कोणाच्या राजधानीत? ‘यहूद्यांचा राजा’ ही पदवी हेरोदाला रोमच्या सेनेटने इसवी सनापूर्वी ४० साली दिली होती. त्याच वर्षी पूर्वेकडच्या पार्थियन फौजांनी यरुशलेमेत घुसून आपल्या पसंतीचा राजा गादीवर बसविला होता, आणि हेरोदाला रातोरात पळावे लागले होते. रोमची मदत घेऊन, तीन वर्षे लढून त्याने शहर परत मिळविले. आता त्या गोष्टीला तीसहून अधिक वर्षे झाली, राजा म्हातारा झाला, आणि एके दिवशी पूर्वेकडूनच माणसे येऊन दुसऱ्याच राजाचा पत्ता विचारतात. मत्तय म्हणतो, तो घाबरला. घाबरणारच की.

हा हेरोद साधा आसामी नव्हे. यरुशलेमेचे मंदिर त्याने अफाट खर्चाने नव्याने उभारले. किल्ले, बंदरे, राजवाडे बांधले. आणि संशय आला म्हणून पत्नी मरियम्ने हिला ठार केले, तिच्या पोटच्या दोन मुलांना फाशी दिले, आणि मरणापूर्वी काही दिवस थोरल्या मुलाचाही जीव घेतला. हे सर्व मत्तय सांगत नाही. योसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो. हेरोदाचा एक किल्ला बेथलेहेमपासून जवळच, शंकूसारख्या टेकडीवर आहे. तेथे २००७ साली एहुद नेत्सर या उत्खननकाराला एक भग्न कबर सापडली. ती हेरोदाचीच असावी असे तो म्हणे. म्हणजे बेथलेहेमच्या शिवारात उभे राहिले की या राजाचा किल्ला दिसत असे.

तर राजा काय करतो? तो विद्वानांची सभा बोलावतो. मुख्य याजक आणि लोकांचे शास्त्री. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘शास्त्री’ हा शब्द योजला, तो मला फार आवडतो. पोथी पाठ असलेला, शब्दाशब्दांचा कीस काढणारा, ज्याच्याकडे गाव अडल्यानडल्याला जाते असा माणूस आपल्यासमोर उभा राहतो. राजा त्यांना विचारतो, ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हावयाचा आहे? ते क्षणभरही अडखळत नाहीत. यहूदीयातील बेथलेहेमात. आणि लगेच आधार देतात : मीखा संदेष्टा, इसवी सनापूर्वी आठवे शतक.

उत्तर बरोबर आहे. या साऱ्या कथेत याइतके बरोबर उत्तर दुसरे नाही. मागी लोकांना तारा दिसला होता, पण गाव माहीत नव्हते. म्हणून तर ते वाट चुकून राजधानीत आले. राजाला ना तारा दिसला होता, ना गाव ठाऊक होते. गाव ठाऊक होते ते फक्त शास्त्र्यांना. आणि बेथलेहेम किती लांब? यरुशलेमच्या दक्षिणेला नऊ किलोमीटर, आपल्या जुन्या हिशेबाने जेमतेम तीन कोस. सकाळी भाकरी खाऊन निघालेला माणूस दुपारच्या आत पोचेल आणि दिवेलागणीला घरी परत येईल.

त्यांच्यापैकी कोणी गेला का? मत्तय त्याविषयी एक अक्षर लिहीत नाही. तो त्यांना दोष देत नाही, ते आळशी होते म्हणत नाही, दुष्ट होते असेही म्हणत नाही. सभा संपते आणि शास्त्री कथेतून नाहीसे होतात, इतकेच. चौथ्या ओवळीत आले, सहाव्यात गेले. वाचताना आपल्याला त्यांचे जाणे जाणवतही नाही. परदेशी जोशी मात्र त्यांनी सांगितलेला पत्ता घेऊन उठतात आणि चालू लागतात.

आम्हा शिकविणाऱ्यांची हा प्रसंग वाचताना खुर्ची जरा टोचते. संदर्भ अचूक, अवतरण अचूक, पाठभेदही माहीत. आणि तास संपला की पुस्तक मिटून आपण दुसऱ्या वर्गाकडे. मीखाचे ते वचन या विद्वानांनी आधी कितीदा समजावून सांगितले असेल! त्यांचे शिष्यही ते घोकत असतील. पण आज दारात माणसे येऊन सांगताहेत की ते घडले आहे, चला, पाहू. तेव्हा मात्र वचन हे वचनच राहते. घडण्याची वाट पाहत असलेली गोष्ट खरोखरच घडू शकते, हे त्यांच्या मनाला शिवलेले दिसत नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारचा तो आदेश, जागे राहा, येथे आठवतो. झोपलेला माणूस म्हणजे अज्ञानी माणूसच असेल असे नाही.

आता त्या वचनाकडेही जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. मीखाच्या मूळ ग्रंथात बेथलेहेमला उद्देशून म्हटले आहे की, तू यहूदाच्या कुळांत लहान आहेस. मत्तयाच्या पानावर तेच वचन उलटून येते : तू मुळीच कनिष्ठ नाहीस. शिवाय त्याच्या शेपटाला लोकांचा मेंढपाळ होण्याविषयीचे शब्द जोडले आहेत, ते मीखाचे नसून शमुवेलाच्या पुस्तकातले, दावीदाला उद्देशून आलेले आहेत. कोणी म्हणेल, ही ओढाताण झाली. मला तसे वाटत नाही. त्या काळी शास्त्रवचन असेच, अर्थ उघडीत सांगण्याची रीत होती. आपले कीर्तनकारही एका अभंगात दुसऱ्याचा चरण मिसळून अर्थ उजळतात. गाव लहान होते, आता लहान राहिले नाही, एवढेच त्याला म्हणावयाचे आहे.

मागी लोक घरात येतात, बाळाला नमन करतात आणि भेटी ठेवतात : सोने, ऊद आणि गंधरस. सोन्याविषयी सांगावयास नको. ऊद म्हणजे दक्षिण अरबस्तानात आणि सोमालियाकडे होणाऱ्या एका झाडाचा डिंक. त्याच जातीचे झाड आपल्याकडे सातपुड्याच्या रानात आहे. त्याला सालई म्हणतात, आणि त्याचाही डिंक धुपात जातो. तिसरी वस्तू गंधरस. ती काष्ठौषधींच्या दुकानात मागावयाची तर हिराबोळ म्हणून मागावी लागते. ख्रिस्ती परंपरेने या तीन वस्तूंचे अर्थ फार पूर्वीपासून लावले आहेत. सोने राजाला, ऊद देवाला, आणि गंधरस मरणाऱ्याला. कारण योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या प्रेताला लावण्यासाठी निकदेम गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण आणतो. पाळण्याशी प्रेताचे सुगंधी द्रव्य ठेवावयाचे, या कल्पनेवर शतकानुशतके प्रवचने झाली. आता आपल्याकडच्या जुन्या आजीबाईंना विचाराल, तर त्या म्हणतील, हिराबोळ? तो तर बाळंतिणीला देतात! आपल्या गावठी औषधांत त्याचा तो उपयोग आहेच. मत्तयाच्या डोक्यात हे नव्हते, हे उघड आहे. तरी पण भेट देणाऱ्याच्या मनात एक अर्थ आणि घेणारणीच्या घरात दुसराच उपयोग, असे होऊ शकते. आणि मरियेची सोय पाहता मला आजीबाईंचा अर्थ टाकवत नाही.

येथवर प्रकटीकरणाचे वाचन संपते. स्वप्नात सूचना मिळून मागी दुसऱ्या वाटेने आपल्या देशी जातात, आणि चर्चमधले वाचन थांबते. पण पुस्तक थांबत नाही. तेराव्या ओवळीपासून काय आहे? योसेफ बायको-मुलाला घेऊन रात्रीच मिसर देशाला पळतो. मागींनी फसविले हे पाहून हेरोद संतापतो, आणि बेथलेहेमात व भोवतालच्या भागात दोन वर्षांच्या आतील सर्व मुलगे मारवितो.

या मुलांचा स्मरणदिन पश्चिमेकडील मंडळ्यांत २८ डिसेंबरला असतो. म्हणजे पाहा, उपासनेच्या क्रमात कत्तल आधी येते आणि मागी नंतर. बहुतेक भाविक २८ तारखेला चर्चमध्ये जातही नाहीत. सुटीचे दिवस असतात. ६ जानेवारीला जातात ते सोने, ऊद, गंधरस ऐकून आनंदाने घरी येतात. त्यामुळे दोन गोष्टींमधला धागा कानांवर पडतच नाही. तो धागा असा की, बेथलेहेम हे नाव हेरोदाला कोणी सांगितले? शास्त्र्यांनी. तारा केव्हा दिसला हे कोणी सांगितले? मागींनी; राजाने त्यांना गुपचूप बोलावून वेळ नीट विचारून घेतली होती, आणि दोन वर्षांची मर्यादा त्यावरूनच ठरविली. एकाकडून ठिकाण, दुसऱ्याकडून काळ. दोघांनीही खरेच सांगितले. त्या खऱ्या माहितीच्या आधारे तलवारी निघाल्या.

म्हणजे त्या एका सभेत दिलेले एकच बरोबर उत्तर तीन ठिकाणी गेले. मागींच्या पायांत गेले, राजाच्या हुकमात गेले, आणि ज्यांनी ते दिले त्यांच्याजवळ जसेच्या तसे पडून राहिले. निदान मागी परत येऊन राजाला पत्ता देत नाहीत. समजल्यावर वाट बदलतात. शास्त्र्यांना वाट बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते निघालेच नव्हते. राजे लोक विद्वानांना प्रश्न विचारतात तेव्हा तो प्रश्न कशासाठी आहे, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची? मत्तय उत्तर देत नाही. तो फक्त घटना एकापुढे एक ठेवतो.

ही कत्तल योसेफसच्या इतिहासात नाही. काही अभ्यासक तेवढ्यावरून ती घडलीच नाही असे म्हणतात. दुसरे म्हणतात की बेथलेहेम एवढेसे गाव, तेथे त्या वयाची मुले असून किती असणार, आणि ज्याने स्वतःच्या मुलांना सोडले नाही त्याच्या पापांच्या यादीत खेड्यातल्या पाचपंचवीस मुलांची नोंद कोण ठेवतो? पुढे ग्रीक परंपरेत मुलांची संख्या चौदा हजारांवर गेली. मला वाटते, आकडा असा वाढविण्याची काही गरज नव्हती.

मत्तय येथे यिर्मयाचे वचन आठवतो. रामा येथे आकांत ऐकू येतो, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि समजूत घालून घेत नाही. राहेल ही याकोबाची बायको. तिची कबर बेथलेहेमच्या वाटेवर आहे. तिच्यामागे हजार-बाराशे वर्षांनी बाबिलोनला नेले जाणारे कैदी रामा येथे साखळदंडांत गोळा केले गेले, आणि यिर्मयाला वाटले, ही जुनी आई कबरीतून रडते आहे. आता दोन बारीक गोष्टी सांगतो, त्या मूळ पुस्तक हातात घेऊन अवश्य पाहा. पहिली अशी : मत्तय वचन सांगताना ‘ते पूर्ण व्हावे म्हणून असे झाले’ असे पुनःपुन्हा म्हणतो. मिसरला पळण्याच्या वेळी तो तसेच म्हणतो. पण मुलांच्या वधाच्या ठिकाणी त्याने ‘म्हणून’ गाळला आहे. येथे तो म्हणतो, ‘तेव्हा पूर्ण झाले’. देवाचे वचन खरे व्हावे यासाठी मुले मारली गेली, असे त्याच्या लेखणीतून उतरले नाही. दुसरी गोष्ट अशी की, यिर्मयाच्या ग्रंथात लगेच पुढच्याच ओवळीत राहेलीचे सांत्वन आहे. रडू आवर, तुझी मुले परत येतील, असे देव तिला सांगतो. मत्तयाला ती ओळ ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? त्याने ती लिहिली नाही. बेथलेहेमच्या आयांना ती त्या दिवशी ऐकवावी असे त्याला वाटले नसावे.

पुढे हेरोद मरतो. इतिहासाप्रमाणे इसवी सनापूर्वी ४ या वर्षी. (म्हणजे येशूचा जन्म इसवी सनापूर्वीचा, हे चमत्कारिक वाटते खरे, पण इसवी सनाची गणना सहाव्या शतकात दियोनीस नावाच्या एका संन्याशाने बसविली, आणि त्याचा हिशेब थोडा चुकला.) योसेफ मिसरातून परततो. मात्र यहूदीयात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे ऐकून तो गालीलात, नासरेथ गावी जाऊन राहतो. बेथलेहेमला तो परत गेल्याचे मत्तय सांगत नाही.

आणि दरबारातले ते याजक? ते मत्तयाच्या पुस्तकात पुन्हा भेटतात, शेवटी शेवटी, सव्विसाव्या अध्यायात. तेथेही ते जमतात. जमण्यासाठी ग्रीकात दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. या खेपेला बाळ तेहतीस-पस्तीस वर्षांचे झालेले असते, आणि त्याला पाहावयाला बेथलेहेमपर्यंत जावे लागत नाही. ‘यहूद्यांचा राजा’ हे शब्दही तेव्हाच पुन्हा कानी येतात. मागींनी उच्चारल्यानंतर मधली चोवीस प्रकरणे ते कोणाच्याच तोंडी नाहीत. सत्ताविसाव्या अध्यायात ते पिलात हा रोमी सुभेदार उच्चारतो, मग त्याचे शिपाई थट्टेने उच्चारतात, आणि शेवटी ते वधस्तंभावर, डोक्याच्या वर, लिहून लावले जातात. चारही वेळा ते परक्यांचेच आहेत.